स्वस्त मिळाला म्हणून: गिटार अँपच्या पॉवर सेक्शनची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. जिथे मी अडखळलो ते गाळलंय, बाकी बोललो तसंच आहे.

आजची गोष्ट इतिहासाची, पण सुरुवात माझ्या एका मूर्खपणापासून.

दोन वर्षांपूर्वी मी एक जुना गिटार अँप विकत घेतला. पन्नास वॉटचा, व्हॉल्व्हवर चालणारा. व्हॉल्व्ह म्हणजे तेच, ज्याला अमेरिकन लोक ट्यूब म्हणतात. आपल्याकडे ट्यूब म्हटलं की भिंतीवरची ट्यूबलाइटच डोळ्यांसमोर येते, आणि आजोबांच्या पिढीचा रेडिओ 'व्हॉल्व्हचा' असायचा, म्हणून मी व्हॉल्व्हच म्हणणार. तर या अँपमध्ये मागे दोन मोठे व्हॉल्व्ह होते, ईएल३४ जातीचे. अँप मस्त वाजत होता. पण माझ्या डोक्यात एरिक क्लॅप्टनचा १९६६ सालचा आवाज बसला होता. आणि वाचून वाचून मला एवढं कळलं होतं की त्या काळच्या त्या मार्शल अँपमध्ये ईएल३४ नाही, केटी६६ नावाचे व्हॉल्व्ह असायचे. झालं. पगारातले बरेच पैसे घालून केटी६६ ची जुनी जोडी मागवली. ईएल३४ काढले, केटी६६ खोचले, स्विच टाकला.

पहिली दोन मिनिटं मी खूश. मग लक्षात आलं की एका व्हॉल्व्हच्या आतला करडा पत्रा लाल व्हायला लागलाय. व्हॉल्व्हमधली तार केशरी दिसते ते ठीक असतं, तिने तापायचंच असतं. पण बाहेरचा पत्रा लाल दिसणं म्हणजे गॅसवर रिकामा तवा विसरल्यासारखं. मी बघतच राहिलो. मग वास आला, मग फ्यूज उडाला, आणि खोलीत शांतता.

आमच्या पेठेत एक काका आहेत, पूर्वी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं. अँप पाठीवर टाकून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आतली बाजू बघितली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बायस बघितला होतास का?"

"बायस म्हणजे काय, काका?"

काका काही बोलले नाहीत. त्यांनी चहा मागवला. तिथून मी या सगळ्या प्रकरणाच्या खोलात गेलो, आणि जे हाती लागलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं. कारण मला जो आवाज 'खरा' वाटत होता, तो कसा घडला हे कळल्यावर माझी जरा फजितीच झाली.

आधी थोडं यंत्र समजून घेऊ. कंटाळू नका, याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. गिटार अँपचे ढोबळ दोन भाग. पहिला प्रीअँप. गिटारमधून येणारा सिग्नल अगदी नाजूक असतो, तो मोठा करायचा, बास-ट्रेबल लावायचे, हे काम त्याचं. दुसरा भाग पॉवर सेक्शन. प्रीअँप हा दुकानातला मुनीम म्हणा, तर पॉवर सेक्शन हमाल. स्पीकरचा जड कागदी कोन प्रत्यक्ष हलवायला जी ताकद लागते ती हा देतो. यात मोठे व्हॉल्व्ह असतात, त्यांना चारशे-साडेचारशे व्होल्ट पुरवणारा पॉवर सप्लाय असतो, आणि व्हॉल्व्ह व स्पीकर यांच्यामध्ये बसलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो.

आता घरच्या स्टिरिओत हमालाने नुसतं ओझं उचलायचं, स्वतःचं काही मिसळायचं नाही, अशी अपेक्षा असते. गिटारचं उलट आहे. आवाज पूर्ण चढवला की पॉवर व्हॉल्व्ह दमतात. सिग्नलची लाट जितकी उंच हवी तितकी त्यांना करता येत नाही, मग तिचा माथा कापला जातो. आपला लाल डबा घाटात चढावर लागला की इंजिनाचा आवाज कसा बदलतो? सपाटीवर तेच इंजिन गुणगुणत असतं, चढावर त्याला एक खरखरीत दाटपणा येतो. रॉक गिटारचा जाडसर आवाज बऱ्याच अंशी हाच. आणि इंजिन कुठलं, त्यावर घाटातला आवाज कसा येणार हे ठरतं. म्हणून पॉवर सेक्शनमध्ये जरा बोट घातलं की अँपचा स्वभावच बदलतो.

हे बोट पहिल्यांदा मुद्दाम कुणी घातलं नव्हतं. गोष्ट १९६० सालची. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या एका ड्रमवादकाने वाद्यांचं दुकान काढलं. हा माणूस ड्रम शिकवायचा. त्याच्या दुकानात पीट टाउनशेंडसारखी गिटार वाजवणारी तरणी पोरं येऊन बसायची आणि म्हणायची, आमच्यासाठीही सामान ठेवा. त्यांना हवे असत अमेरिकन फेंडर अँप. ते मिळायचे, पण समुद्र ओलांडून येणारी वस्तू, किंमत आवाक्याबाहेर. दुकानात केन ब्रॅन नावाचा दुरुस्ती करणारा होता. तो म्हणाला, आपणच का नाही बनवायचे? त्यांनी डडली क्रेव्हन या अठरा वर्षांच्या पोराला सोबत घेतलं, जो ईएमआय कंपनीत शिकाऊ होता. आणि समोर ठेवला फेंडरचा 'बासमन', म्हणजे मुळात बास गिटारसाठी केलेला अँप. त्याची जवळजवळ हुबेहूब नक्कल करायची असं ठरलं.

सप्टेंबर १९६२ मध्ये पहिला नमुना दुकानात आला. पुढे त्याला नाव पडलं जेटीएम४५. जे म्हणजे जिम, टी म्हणजे त्याचा मुलगा टेरी.

नक्कल होती, तर आवाज तोच यायला हवा होता ना? नाही आला. कारण नकाशा अमेरिकेचा होता पण सामान लंडनमधलं. बासमनमध्ये पॉवर व्हॉल्व्ह ५८८१, म्हणजे ६एल६ या अमेरिकन घराण्यातला. मार्शलच्या सुरुवातीच्या काही अँपमध्येही तेच होते, पण लवकरच त्यांच्या जागी ब्रिटिश केटी६६ आले. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मुद्दाम बनवून घेतलेला नव्हता, रेडिओस्पेअर्सच्या कॅटलॉगमधला तयार हाय-फाय ट्रान्सफॉर्मर उचलला. फेंडरमध्ये दहा इंची चार जेन्सन स्पीकर, तेही मागून उघड्या पेटीत. इथे बारा इंची चार सेलेस्टियन, बंद पेटीत. आणि एक बारीक गोष्ट: अँपच्या आउटपुटमधला थोडासा सिग्नल उलटा करून परत पॉवर सेक्शनला पाठवतात, चुका दुरुस्त व्हाव्यात म्हणून. शाळेत शुद्धलेखन तपासणारे सर असतात ना, तसं. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. फेंडरने तो ट्रान्सफॉर्मरच्या २ ओहमच्या टोकावरून घेतला होता, मार्शलवाल्यांनी १६ ओहमच्या टोकावरून. रेझिस्टर तोच ठेवून टोक बदललं, की सर किती कडक तपासणार हे बदलतं. आजही जे लोक अँपमध्ये फेरफार करतात, ते सगळ्यात आधी याच रेझिस्टरला हात लावतात. फीडबॅक कमी केला की आवाज रांगडा होतो, जास्त केला की शिस्तीत येतो.

यातलं काही 'आता आपण रॉकचा टोन घडवू या' म्हणून झालेलं नाही. जे बाजारात मिळालं ते बसवलं.

त्याहून मजेशीर गोष्ट केटी६६ ची. हा व्हॉल्व्ह मुळात जन्माला का आला? १९२६ मध्ये फिलिप्स कंपनीत बर्नार्ड टेलेगेन यांनी पेंटोड शोधला. पेंटोड म्हणजे पाच भागांचा व्हॉल्व्ह, त्यात विजेचे कण माघारी उडू नयेत म्हणून एक जास्तीची जाळी असते. पेटंट फिलिप्सचं. दुसऱ्यांना ती जाळी वापरायची तर पैसे मोजा. मग ब्रिटनमध्ये ईएमआयच्या इंजिनिअरांनी पळवाट काढली: जाळी नकोच, कणांचा झोतच असा बांधायचा की जाळीचं काम आपोआप व्हावं. त्याला बीम टेट्रोड म्हणतात. त्या विचारातून अमेरिकेत १९३६ मध्ये आरसीएचा ६एल६ आला आणि १९३७ मध्ये लंडनच्या एम-ओ व्हॉल्व्ह कंपनीचा केटी६६. नावातलं 'केटी' म्हणजे किंकलेस टेट्रोड, थोडक्यात 'आलेखात खोच नसलेला'. म्हणजे ज्या दोन आवाजांवरून गिटारवाले आज रात्र रात्र भांडतात, एक पेंटोडचा आणि एक बीम टेट्रोडचा, त्यांच्यातला फरक मुळात पेटंटची रॉयल्टी वाचवण्यातून आलेला आहे! मला हे वाचून हसू आवरेना.

असो. १९६५ उजाडलं. टाउनशेंड आणि त्याच्या 'द हू' बँडचा बासवादक जॉन एन्टविसल यांना ४५ वॉट पुरेनात. सभागृहं मोठी होत चालली होती, श्रोते ओरडत होते, आणि ड्रमवर कीथ मून होता, म्हणजे विचारूच नका. मार्शलने १०० वॉटचा अँप काढला, दोनऐवजी चार पॉवर व्हॉल्व्हचा. त्यासोबत टाउनशेंडला आठ स्पीकरची एकच मोठी पेटी हवी होती. ती उचलणाऱ्या पोरांनी हात टेकले, मग तिचे दोन तुकडे करून एकावर एक ठेवले. स्टेजवर दिसणारी ती मार्शलची उतरंड तिथून आली.

त्याच सुमारास दुकानात एक कॉम्बो, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला, मिळत होता. मॉडेल नंबर १९६२. हा नंबर आहे, साल नाही, माझी स्वतःची यात बराच काळ गफलत होत होती. क्लॅप्टनने तो घेतला आणि १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्ससोबत लंडनच्या डेका स्टुडिओत रेकॉर्डिंगला नेला. तेव्हाच्या स्टुडिओत गिटारवाल्याने हळू वाजवायचं अशी रीत होती. क्लॅप्टनने ऐकलं नाही. स्टेजवर वाजवतो तेवढ्याच जोरात वाजवणार म्हणाला. अँप चढवला, माइक लांब ठेवावा लागला. आणि पॉवर व्हॉल्व्ह दमल्यावर जो आवाज येतो, तो पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे रेकॉर्डवर उतरला. त्या कॉम्बोलाच पुढे 'ब्लूजब्रेकर' म्हणू लागले.

त्यात आणखी एक गुपित आहे: रेक्टिफायर. भिंतीतून येणारी वीज उलटसुलट वाहते, ती एका दिशेने करायचं काम याचं. त्या अँपमध्ये हे कामही जीझेड३४ नावाचा व्हॉल्व्ह करायचा. तार जोरात छेडली की पॉवर व्हॉल्व्ह एकदम जास्त वीज मागतात, हा बिचारा तेवढी लगेच देऊ शकत नाही, व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि मग सावरतं. घरी पाण्याची मोटर सुरू केली की दिवा कसा एकदा मंद होऊन परत उजळतो, अगदी तसं. गिटारमध्ये याचा परिणाम असा की सूर आधी दबतो आणि मग फुलतो. १९६६ च्या आसपास मार्शलने हा व्हॉल्व्ह काढून त्या जागी सिलिकॉनचे डायोड घातले. स्वस्त, टिकाऊ, जागा कमी. दिव्याचं मंद होणं थांबलं. सूर एकदम अंगावर येऊ लागला.

आणि १९६६-६७ मध्येच केटी६६ गेला. तो महाग पडायला लागला होता. मलार्डचा ईएल३४ स्वस्त होता आणि हवा तेवढा मिळत होता. ईएल३४ हा खरा पेंटोड, फिलिप्सच्या घराण्यातला, १९४९ चा. त्याला छोट्या सिग्नलनेही लवकर पेटवता येतं, तो लवकर कापतो, आणि मधल्या पट्टीत ओरडतो. केटी६६ गोल आणि भारदस्त, ईएल३४ तिखट. हिशेबाच्या वहीत झालेला हा बदल जिमी हेन्ड्रिक्सच्या हातात पोचला आणि लोकांना वाटलं, रॉक गिटार म्हणजे असाच आवाज! (जाता जाता: हेन्ड्रिक्सचं पूर्ण नाव जेम्स मार्शल हेन्ड्रिक्स. जिम मार्शलचंही पाळण्यातलं नाव जेम्स. दोघांना याची गंमत वाटायची.)

आता बघा, सत्तरच्या दशकात तेच अँप अमेरिकेत जायला लागले तेव्हा काय झालं. ईएल३४ प्रवासात आणि वापरात दगा द्यायचे, तक्रारी यायच्या, म्हणून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मार्शलमध्ये ६५५० हा दणकट व्हॉल्व्ह बसवायला लागले. तो सहजासहजी दमत नाही. म्हणजे एकाच नावाचा, एकाच वर्षीचा अँप लंडनच्या पोराने वाजवला तर एक आवाज, शिकागोच्या पोराने वाजवला तर दुसरा. कुठला खरा? तुम्ही सांगा.

इथवर जे फेरफार झाले ते कारखान्याने केले. पण याच काळात वापरणाऱ्यांनीही झाकण उघडलं होतं. साठच्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को भागात रँडल स्मिथ नावाचा एक दुरुस्ती करणारा होता. त्याने फेंडरचा 'प्रिन्स्टन' घेतला, हा घरी सराव करायचा जेमतेम बारा वॉटचा चिमुकला अँप. त्याच्या पोटात बासमनचा पॉवर सेक्शन, मोठ्या ट्रान्सफॉर्मरसकट, कोंबला आणि बारा इंची स्पीकर बसवला. कारण? एका बँडच्या गिटारवाल्याची फिरकी घ्यायची होती. बाहेरून खेळणं, आतून साठ वॉट. तो अँप दुकानात चालवून बघायला कार्लोस सँटाना आला, आणि त्याने वाजवून जे कौतुक केलं त्यातूनच 'बूगी' हे नाव पडलं. फिरकी घेण्यासाठी केलेल्या उद्योगातून मेसा बूगी ही कंपनी उभी राहिली.

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता माणूस. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाचा एडी व्हॅन हेलन. त्याच्याकडे १०० वॉटचा मार्शल होता. तो फुल चढवला तरच पॉवर व्हॉल्व्ह दमणार आणि हवा तो आवाज येणार, पण फुल चढवला तर छोट्या क्लबमधून हाकलून देणार. मोठी पंचाईत. एकदा त्याने आणखी एक मार्शल घेतला. घरी आणून लावला तर आवाजच नाही, वाटलं बिघडलेला दिला. तो अँप निघाला युरोपसाठीचा, २२० व्होल्टचा, आणि लावला होता अमेरिकेतल्या ११० च्या प्लगला. चालू ठेवून बराच वेळाने वाजवून बघितलं, तर आवाज अगदी बारीक, पण ढंग तोच, फुल चढवलेल्या अँपचा!

त्याच्या डोक्यात दिवा पेटला. व्होल्टेज कमी केलं तर? आधी त्याने घरातल्या दिव्यांच्या डिमरला अँप जोडला आणि घराचा फ्यूज घालवला. मग जाऊन व्हेरिअ‍ॅक आणला. हे व्हेरिअ‍ॅक म्हणजे काय अवघड प्रकरण आहे असं मला वाटायचं. काकांना चित्र दाखवलं तर म्हणाले, "अरे, हा डिमरस्टॅट!" इंजिनिअरिंगला किंवा आयटीआयला असलेल्यांनी ओळखला असेल. लॅबमध्ये टेबलावर असतो तो, वरचं गोल चाक फिरवलं की व्होल्टेज कमी-जास्त होतं. एडी त्यावर सुमारे ८९ व्होल्ट ठेवायचा.

यात होतं काय? अमेरिकेत ११७ असतात असं धरा. ८९ म्हणजे त्याच्या तीन चतुर्थांश. ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे १०० वॉटचे साधारण ५८ उरतात. पॉवर व्हॉल्व्हची छत खाली आली, लाट लवकर डोकं आपटते, त्यामुळे कमी आवाजातही घाट लागतो. आणि व्हॉल्व्हची तार तापवणारे ६.३ व्होल्टही सोबत घसरून ४.८ वर येतात, त्यामुळे सगळाच अँप जरा मलूल, मऊ होतो. १९७७ मध्ये हॉलिवूडच्या सनसेट साउंड स्टुडिओत रेकॉर्ड झालेली आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये आलेली त्यांच्या बँडची पहिली रेकॉर्ड ऐका. त्यातला तो तपकिरी, मधाळ पण धारदार आवाज, ज्याला सगळे 'ब्राउन साउंड' म्हणतात.

आणि आता लबाडी. सुरुवातीच्या काळात एडी मासिकांना सांगायचा की मी व्होल्टेज वाढवून १४० ला नेतो! पोरांनी खरं मानलं. १४० व्होल्ट घातल्यावर व्हॉल्व्ह, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर, काहीही जाऊ शकतं, आणि कित्येकांचं गेलं. नंतर त्यानेच सांगितलं की आकडा खालचा होता. माणूस म्हणून मला तो प्रचंड आवडतो, पण याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही. कुणातरी पोराने उन्हाळाभर काम करून तो अँप घेतला असेल.

१९८० च्या सुमारास 'बॉस्टन' बँडच्या टॉम शोल्झने, तो एमआयटीत शिकलेला इंजिनिअर, दुसरी वाट काढली. अँपला हातच लावायचा नाही. अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये 'पॉवर सोक' नावाची डबी ठेवायची, ती जास्तीची ताकद उष्णता करून गिळते. आज अशा डब्या ढिगाने मिळतात. चालतात, पण स्पीकर जोरात हलल्याशिवाय जे होत नाही ते काही होत नाही.

आता परत काकांकडे. बायस म्हणजे काय ते त्यांनी मला असं सांगितलं: व्हॉल्व्ह हा नळ आहे. गाणं वाजत नसतानाही त्यातून थोडी वीज ठिबकत राहायला हवी, नाहीतर सुरुवातीला आवाज अडखळतो. किती ठिबकणार हे एका जाळीवरच्या ऋण व्होल्टेजवर ठरतं, तेच बायस. माझ्या अँपमध्ये ते ईएल३४ साठी लावलेलं होतं, साधारण उणे अडतीस. केटी६६ ला त्यापेक्षा बरंच जास्त ऋण लागतं. म्हणजे मी नळ अर्धा उघडा ठेवून निघून गेलो होतो. पत्रा लाल होणार नाही तर काय!

"दोन वेगळी इंजिनं, आणि तू गिअर तोच ठेवलास," काका म्हणाले.

मी त्यांना क्लॅप्टनबद्दल सांगितलं, केटी६६ चं माहात्म्य सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की हे ईएल३४ ते लग्नाच्या मांडवातल्या अँपमध्ये घालायचे, सनई वाजवायला. त्या वेळी बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवायची, दुकानात जे येईल ते घ्यायचं, आणि जे आलं त्याप्रमाणे बायस लावायचा. खरा-खोटा व्हॉल्व्ह ही भानगड त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. मला तेव्हा हॅनवेलचं ते दुकान आठवलं. केन ब्रॅन आणि आमचे काका एकमेकांना भेटले असते तर त्यांना एकमेकांचं बोलणं लगेच कळलं असतं.

आता 'जे मिळेल ते' म्हणण्याइतकंही मिळत नाही म्हणा. ज्या एम-ओ व्हॉल्व्हने केटी६६ बनवला ती बंद पडली, मलार्डचं ब्लॅकबर्नचं व्हॉल्व्हचं काम थांबलं. जगात पॉवर व्हॉल्व्ह मोठ्या प्रमाणावर बनवणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके उरलेत: रशियातलं सारातोव, स्लोव्हाकियातलं जेजे, आणि चीन. टंग-सोल, मलार्ड, जेनेलेक्स अशी जुनी इंग्लिश-अमेरिकन नावं आज सारातोवमध्ये बनलेल्या काचेवर छापलेली असतात. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची झोप उडाली. काही काळाने माल परत सुटला, पण तोवर भाव वर गेले होते. मी माझी जोडी घेतली ती त्यानंतर, म्हणून एवढी महाग. आणि एक जाळून टाकली.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. हे ऐकून कुणी घरी झाकण उघडू नका. अँपची पिन काढल्यावरही आतले कपॅसिटर चारशेच्या वर व्होल्ट धरून ठेवतात, तासन्‌तास. काका हात घालण्याआधी रेझिस्टर लावून ते रिकामे करतात, मीटरने शून्य बघतात, आणि तरीही डावा हात पाठीमागे ठेवतात, म्हणजे चुकून झटका बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून, जाणार नाही. सत्तर वर्षांचा माणूस एक हात पाठीमागे ठेवून काम करतो हे बघितल्यावर मी माझा स्क्रू-ड्रायव्हर कपाटात ठेवून दिला.

तर शेवटी काय केलं? जुने ईएल३४ परत बसवले. काकांनी प्लेटवर मोजलं, ४५० व्होल्ट. हा व्हॉल्व्ह २५ वॉटचा, त्याच्या सत्तर टक्के धरले तर साडेसतरा, भागिले ४५०, म्हणजे सुमारे ३९ मिलीअँप. त्यांनी जरा कमी, ३५ वर ठेवलं. उन्हाळ्यात आपल्याकडे व्होल्टेज वर-खाली होतं म्हणाले. मग फीडबॅकच्या रेझिस्टरची किंमत दुप्पट केली, दोन रुपयांचा भाग, आणि म्हणाले वाजव.

मी वाजवलं. क्लॅप्टनसारखं नाही वाजलं. पण जवळपासची दोन पोरं दारात येऊन उभी राहिली, आणि काका म्हणाले, "अजून थोडा चढव की, बघू कुठे फाटतो ते."

उरलेला एकटा केटी६६ माझ्या टेबलावर आहे. जोडी जुळणारा कुणाकडे असेल तर कळवा, या वेळी आधी काकांना विचारीन. चला, भेटू पुढच्या भागात.